खो कोण देणार?

(निमगाव सावा येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज पाटी जरा बाजूला ठेवा. एका मुलीची हकिगत सांगायची आहे.

खो-खो तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आठ गडी रांगेत बसतात, नववा पाठलाग करतो. पाठीमागून खो मिळाला, की बसलेला गडी उठतो. खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही, असा नियमच आहे. घरी आपण मुलांना असेच वाढवतो. ऊठ म्हटले की उठायचे, बस म्हटले की बसायचे. मग एक दिवस आपणच कुरकुरतो, "पोराला स्वतःहून काही करायला नको!" अहो, स्वतःहून उठायची सवय त्याला लागू दिली कधी?

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. दुष्काळी मुलूख. तिथल्या मोही गावात 1989 साली ललिता बाबर जन्मली. घर शेतकऱ्याचे. शाळेत ती खो-खो खेळायची. खेळता खेळता पळण्याची गोडी लागली. पुढे खो-खो मागे पडला आणि पळणेच राहिले.

आता लांब पळताना खो द्यायला कोण असते? दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, सावलीला बसावेसे वाटते. मास्तर वेळ मोजतील, चूक दाखवतील. पण पाय उचलायचा तो ज्याचा त्यानेच.

ललिता मॅरेथॉन पळाली. ही शर्यत 42 किलोमीटरांहून थोडी जास्तच असते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये ती भारतीय बायकांत पहिली आली. मग तिने अडथळ्यांची शर्यत धरली. तिला स्टीपलचेस म्हणतात. 3000 मीटर पळायचे. वाटेत 28 वेळा आडवे अडसर ओलांडायचे. शिवाय 7 वेळा अडसरापलीकडे पाण्याचा खड्डा! 2015 साली चीनमधल्या वूहान शहरात ती आशियात पहिली आली. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये पहिली फेरी तिने 9 मिनिटे 19.76 सेकंदांत संपवली आणि अंतिम फेरी गाठली. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पहिली फेरी पार करून अंतिम फेरीत भारतीय स्त्री पोचली, ती पी. टी. उषांनंतर 32 वर्षांनी. तिथे ललिताचा नंबर दहावा लागला. पदक नाही. "मग उपयोग काय?" असे म्हणणाऱ्याने एकदा तीन किलोमीटर चालून पाहावे. अर्धा-पाऊण तास कुठे जात नाही.

आपल्याकडे कांदा काढणीला आला, की मैदानावरून आधी मुलीला हाक जाते. काम आहेच, ते सगळ्यांनी करावे. पण मुलाला सुट्टी आणि मुलीला विळा, हा कुठला न्याय?

काही जण उलट करतात. खेळातून नोकरी लागते असे ऐकले, की पोराला छडी दाखवून पळवतात. तोही बाहेरचाच खो. छडी दूर गेली, की पोर बसलेच.

मुलाची ओढ खरी आहे का, हे ओळखायला फार शिकावे लागत नाही. शाळेला उठवताना चार हाका मारूनही जे पोर उठत नाही, तेच खेळाच्या दिवशी कोंबड्याआधी तोंड धुऊन तयार असते. तेवढे पाहा, आणि वाट अडवू नका.

तुम्ही म्हणाल, "पोर मैदानावर जाते खरी, पण लोक काय म्हणतील?" लोकांना सांगा, तिला उठवायला आम्ही गेलो नव्हतो. तिची तीच उठून गेली.