आडनाव आणि देवक

आमचा पुतण्या सिंह-तलवारीचं छापील 'घराण्याचं चिन्ह' घेऊन आला. म्हटलं, बाबा, लग्नात पंचपालवीचं देवक बसवतो, तेच आपलं चिन्ह. मोऱ्यांचं मोरपीस, तसं. (तुकोबांचं कूळ मोरे, पण आडनाव आंबिले.) मग दोघं नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव-आडनावावरून पिढ्या निघतात. 'पाटील' म्हणून काही निघेना; तो तर हुद्दा. शेवटी पणजोबा 'जाधव' म्हणून सापडले. लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी नांगर काढलेला. जुन्या कागदांवर पाटलांची निशाणी हीच. पोरगा बराच वेळ त्या नांगरावर बोट ठेवून बसला. थोरले दादा मात्र अजून रुसलेत, 'पाटील' सोडायला तयार नाहीत. दिंडीच्या यादीत यंदा आमच्या एका घरची दोन आडनावं आहेत.