आधी मुदत लिहा, मग नाव
(हदगाव येथील बैठकीतील भाषण)



आज तालुक्याचे पदाधिकारी निवडायचे आहेत. सकाळपासून नावांवर चर्चा झाली, मुदतीवर कोणी बोलले नाही. आम्ही त्यावरच बोलणार आहोत, पण जरा लांबून, रोमपासून. रोम आपल्याला अगदीच परके नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या तेरचे सुती कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने रोमच्या मुलखात.

त्या रोममध्ये सिन्सिनाटस नावाचा सरदार होता. मुलाच्या जामिनापायी त्याचे सारे विकले गेले, उरले जेमतेम अडीच एकर. इ.स.पूर्व 458 मध्ये शत्रूने रोमच्या फौजेला वेढा घातला. निरोप्ये आले तेव्हा हा शेतात राबत होता, असे रोमचा इतिहासकार लिव्ही सांगतो. त्याला सहा महिन्यांसाठी सर्वाधिकार दिले. त्याने फौज सोडवली आणि सोळाव्या दिवशी अधिकार परत केले.

म्हणून तो देवमाणूस होता काय? नाही. सत्ताधाऱ्यांना कायद्याचा लगाम घाला, असे गरीब लोक मागत होते, तेव्हा हाच विरोधात उभा होता. माणूस असाच असतो, एका बाजूने सज्जन, दुसऱ्या बाजूने आडमुठा. म्हणून रोमने स्वभावावर न विसंबता मुदत घातली. बैल कितीही गुणी असो, वेसण आपण घालतोच.

पुढे ती वेसण तुटली. इ.स.पूर्व 44 च्या फेब्रुवारीत सीझर तहहयात सर्वाधिकारी झाला. 15 मार्चला भर सभेत त्याचा खून पडला. तरी लोकांचे राज्य परत आले नाही, बादशाही आली.

आता आमची चूक ऐका. दोन वर्षांसाठी घेतलेले पद आम्ही पाच वर्षे धरून बसलो. "दुसरा आहे कोण?" असे म्हणत राहिलो. पैसा खाल्ला नाही, पण तरुण पोरे बैठकीला यायची थांबली. दुसरा तयार होऊ दिला नाही तो आम्हीच.

म्हणून ठराव मांडतो: मुदत दोन वर्षे, लागोपाठ दुसऱ्यांदा तेच पद नाही, दरवर्षी हिशेब भर बैठकीत. आमचे पद आम्ही आज सोडले. आधी मुदत लिहा, मग नाव.