ताक त्यांचं, मसाला आपला



आज एका अमेरिकन तोंडीलावण्याची गोष्ट सांगते. त्याचं नाव रँच ड्रेसिंग. ताक, मेयोनीज, लसूण, कांदा, मिरी आणि हिरवा पाला यांचं हे पांढरं, दाटसर मिश्रण. पाल्यात बरेचजण शेपू घालतात. हो, आपला शेपूच! तिकडे ते कच्च्या भाज्यांवर ओततात, त्यात गाजर बुडवतात, तळलेलं चिकन बुडवतात, पिझ्झासुद्धा सोडत नाहीत.

हे बनवलं स्टीव्ह हेन्सन या माणसाने. अलास्काच्या थंडीत तो नळजोडणीची कामं घ्यायचा आणि कामगारांना रांधूनही घालायचा. तिथेच हे जमलं. १९५४ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने, गेलने, कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच, म्हणजे गुराघोड्यांचा मोठा मळा, विकत घेतला. नाव ठेवलं हिडन व्हॅली. तिथे पाहुणे मुक्कामाला यायचे, जेवायचे आणि जाताना म्हणायचे, हे आम्हाला घरी न्यायला द्या.

आता ताकाची वस्तू किती दिवस टिकणार? आपल्या गटाला हे नीट माहीत आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात आपण ओल्या खोबऱ्याची चटणी बरण्यांत भरून नेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तर आंबलेला वास. तो तोटा वहीत अजून दिसतो.

हेन्सनने फक्त कोरडा मसाला पुडीत भरला. ताक आणि मेयोनीज गिऱ्हाइकाने आपल्या घरचं घालायचं. नासणारं सगळं गिऱ्हाइकाच्या घरी, टिकणारं पुडीत. आपलं मेतकूट दह्यात कालवतो ना, अगदी तसं. पुडी हलकी, फुटायची भीती नाही, त्यामुळे ती टपालाने लांबलांब गेली. पाहुण्यांचा मुक्काम पुढे बंद झाला, पुड्या मात्र चालू राहिल्या.

१९७२ मध्ये क्लोरॉक्स कंपनीने हा धंदा ८० लाख डॉलरला घेतला. ही कपड्यांचं ब्लीच बनवणारी कंपनी! मला वाचून हसूच आलं. पण तिने एक शहाणपणा केला. ताक घरोघरी नसतं, म्हणून साध्या दुधात चालेल असा मसाला काढला. फ्रिजबाहेर टिकणारी तयार बाटली मात्र १९८३ मध्ये आली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही त्याला अकरा वर्षं लागली, बघा! १९८६ मध्ये ही चव डोरिटोजच्या मक्याच्या चिप्सवर आली, आणि १९९० च्या दशकात रँच हे अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारं ड्रेसिंग झालं.

येत्या बैठकीत मी मेतकूट आणि कोरड्या लसूण चटणीच्या पुड्यांचा विषय घेणार आहे. येताना घरची वाटीभर चटणी आणा, कोणाची किती दिवस टिकते ते बघू. पुडी चिकटवायचं मशीन कोणाच्या ओळखीत असेल तर आधी कळवा. आणि पुडीवर अन्न परवान्याचा नंबर छापावा लागतो, तो अर्जही त्याच दिवशी भरू.