घरचा ग्रॅनोला

1863 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या आरोग्यधामात डॉ. जेम्स जॅक्सन यांनी भाजलेल्या गव्हाच्या पिठाच्या तुकड्यांची न्याहारी सुरू केली. ते इतके टणक, की रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसत! आजचा ओट्सचा ग्रॅनोला त्याच घराण्यातला, पण बराच मवाळ.

तीन वाट्या जाड ओट्स घ्या. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा भुगा होतो. त्यात वाटीभर बदाम-अक्रोडाचे तुकडे आणि चिमूटभर मीठ. अर्धी वाटी मध, पाव वाटी तेल कोमट करून चोळा. ट्रेमध्ये पसरून 150 अंश सेल्सिअसला साधारण अर्धा तास भाजा, मध्ये एकदा हलवा. कडा बदामी झाल्या की काढा. हाताला अजून मऊच लागेल. घाबरून पुन्हा आत ढकलू नका, कुरकुरीतपणा गार होताना येतो. खडे हवे असतील तर तोवर चमचा लावायचा नाही.

मनुका, जर्दाळू भाजताना घातले तर करपून कडवट होतात. ते अगदी शेवटी, सगळं गार झाल्यावर. ओव्हन नाही? जाड बुडाची कढई आणि मंद आच पुरते, फक्त हात सतत चालू हवा. मग घट्ट झाकणाची कोरडी बरणी. पावसाळ्यात थोडाच करा, लगेच सादळतो.