टोपल्या विणणे, युगांडावर चर्चा आणि इतर सभ्य उद्योग



कार्यवाहांनी बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'इंग्रजीतील काही जुने शब्दप्रयोग' असा लिहिला आहे. खरा विषय म्हणजे स्त्री-पुरुषांच्या शय्यासोबतीला इंग्रजांनी ठेवलेली चावट नावं. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी निर्धास्त बसावं. यातले बरेच शब्द आता तिकडच्या नातवंडांनाही कळत नाहीत.

सुरुवात फ्रान्सिस ग्रोसपासून करू. हा पूर्वाश्रमीचा लष्करी माणूस, अंगाने अवाढव्य आणि जुन्या वास्तूंचा व्यासंगी. रात्री नोकराला बरोबर घेऊन लंडनचे गुत्ते पालथे घालायचा आणि कानावर पडेल ते टिपून ठेवायचा. 1785 साली त्याने या बाजारू बोलीचा कोश छापला. त्यात आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत या कर्माला 'टोपल्या विणण्याचा जुना धंदा' म्हटलंय. 'पोरांच्या मोज्यांसाठी पावलं घडवणं' हे तर त्याहून गोड. मोजे विणून तयार आहेत, आता आत घालायला पाय नकोत का? आणि 'ब्लँकेट हॉर्नपाइप'! हॉर्नपाइप हा खलाशांचा नाच. डेकवर नाचायचा तो पांघरुणाखाली.

पण याच कोशात लंडनमधल्या 'कॉव्हेंट गार्डनची मठाधिपतीण' आहे, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण. 'कॉव्हेंट गार्डनचा हिवताप' आहे, म्हणजे गुप्तरोग. हे शब्द पैसे मोजणाऱ्या पुरुषांनी घडवलेले. त्या मठातल्या बायका या धंद्याला काय म्हणत, ते या कोशातून फारसं कळत नाही. हसताना एवढं ध्यानात असू द्या.

पुढच्या शतकात जॉन फार्मरने असाच, पण कितीतरी मोठा कोश हाती घेतला. जोडीला कवी हेन्ली. छापखान्याने काही शब्द छापायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचं सोवळं तर असं, की या क्रियेचा सर्वांत प्रचलित चार अक्षरी शब्द त्यात यायला 1972 साल उजाडलं.

माझं म्हणणं असं, की या विनोदाचं पालनपोषण बंदी घालणाऱ्यांनीच केलं. बीबीसीने 1949 साली आपल्या विनोदी लेखकांसाठी एक नियमावली काढली. त्यात सूचक उल्लेखांना मनाई होती. कशाच्या? मधुचंद्राची जोडपी, हॉटेलात खोली आवरणाऱ्या बायका, अंजिराची पानं, सशांच्या सवयी, घरात ठेवलेले भाडेकरू आणि फिरते विक्रेते! 'विंटर ड्रॉज ऑन' यावरही बंदी. अर्थ साधा: हिवाळा जवळ आला. पण झरकन म्हटलं की त्यात बायकांच्या आतल्या कपड्यांचं नाव ऐकू येतं. आता सांगा, ही यादी कुणाच्या मनातली? फिरत्या विक्रेत्याचं नाव काढताच साहेबांना काय दिसायचं? ऐकणाराच निम्मं काम करतो. 'हाऊज युवर फादर', म्हणजे 'वडील कसे आहेत?', हा प्रश्न म्युझिक हॉलच्या रंगमंचावर विषय बदलायला विचारत. त्याचं श्रेय हॅरी टेट या नटाला देतात. लोकांनी जो विषय टाळायचा त्यालाच ते नाव देऊन टाकलं.

ऐकणाऱ्यावर भिस्त ठेवणारा हाच खेळ पोस्टकार्डांवरही चालायचा. डोनाल्ड मॅकगिल हा चित्रकार समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी चावट पोस्टकार्डं काढायचा. एका कार्डावर तरुण विचारतो, 'किपलिंग आवडतो का?' मुलगी लाजून म्हणते, मी कधी 'किपल' केलेलंच नाही! इंग्रजीत शेवटी 'इंग' दिसलं की क्रियापद वाटतं, एवढंच भांडवल. लेखक किपलिंग आपल्या मुंबईत जन्मलेला, त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायचे, बिचाऱ्याच्या आडनावाचं हे असं झालं. 1954 साली लिंकनच्या न्यायालयाने मॅकगिलला अश्लीलतेबद्दल दंड केला. खटला ज्या कायद्याखाली चालला तो 1857 सालचा होता.

मग 1960 नंतर बंधनं सैल झाली, आणि आडून बोलण्याची गरजही ओसरली. तरी एक नवी भीती शिल्लक होती, अब्रुनुकसानीच्या दाव्याची. एका पार्टीत एक जोडपं वरच्या मजल्यावर गेलं आणि सापडल्यावर म्हणे युगांडावर बोलत होतो. 'प्रायव्हेट आय' या उपहासाच्या पाक्षिकाने 1973 साली ते उचललं. तेव्हापासून तिथे अमुक मंत्री आणि तमुक बाई यांच्यात 'युगांडाविषयक चर्चा' झडू लागल्या. दावा लावायचा तरी कशावर? युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याची सत्ता 1979 साली गेली. चर्चा मात्र पुढेही चालू राहिल्या.