शेजार कोणाचा?

आईने मुलाला ‘शेजारून विरजण आण’ असे सांगितले, तर तो आपल्या घराच्याच शेजारी जातो. निरोप मिळाला त्या वेळी तो बाजारात उभा असला, तरी बाजारातल्या शेजारच्या दुकानात शिरत नाही. संगणकाला मात्र एवढे व्यवहारज्ञान उपजत नसते.

श्रोतेहो, संगणकाची मोठी आज्ञावली एका फायलीत क्वचितच मावते. तिचे भाग निरनिराळ्या फायलींत ठेवलेले असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. आज्ञावली चालू झाली की ती त्यांना हाक मारते. पण त्यांना शोधावयाचे कोठे? आज्ञावली जेथे नांदते त्या फोल्डरात, की ती चालविणारा त्या क्षणी ज्या फोल्डरात काम करीत आहे तेथे? पुष्कळदा ही दोन्ही ठिकाणे एकच असतात, आणि म्हणूनच घोटाळा ध्यानात येत नाही.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल या भाषेत शोधावयाच्या जागांची यादी असते. तिच्या अखेरीस पूर्वी एक टिंब असे. टिंब म्हणजे ‘सध्याचे फोल्डर’. दिसावयास निरुपद्रवी! परंतु कित्येक आज्ञावल्या एखादे मॉड्यूल ‘मिळाले तर घ्यावे, न मिळाल्यास अडत नाही’ अशा बेताने मागतात. यंत्राचा व्यवस्थापक सर्वांना लिहिण्यास मोकळ्या असलेल्या फोल्डरात काम करीत असावा, आणि कोणा खोडसाळाने नेमक्या त्या नावाची फाइल तेथे आधीच ठेवलेली असावी. मग ती परकी फाइल व्यवस्थापकाच्या पूर्ण अधिकाराने चालते. कुलूप फोडण्याचे कारणच उरत नाही. हा दोष २०१६ साली जाहीर झाला व २०१७ च्या ५.२६ या आवृत्तीत ते टिंब यादीतून काढण्यात आले.

त्यापायी अनेक जुन्या आज्ञावल्या अडल्या. लोकांनी कुरकूर केली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. उपाय मात्र हाताशीच होता. ‘फाइंडबिन’ हे मॉड्यूल आज्ञावलीला तिचे स्वतःचे घर सांगते. तेथून शेजार मोजावा, म्हणजे चालविणारा कोठेही असो, वाट चुकत नाही.

पायथन ही भाषा आज्ञावलीच्या स्वतःच्या घरात, तेही सर्वांच्या आधी, शोध घेते. तेथे निराळीच गंमत होते. विद्यार्थी आपल्या फायलीला सहज ‘रँडम’ असे नाव देतो. मग भाषेचे त्याच नावाचे मॉड्यूल मागितले की त्याचीच फाइल पुढे येते, आणि तो बिचारा चूक दुसरीकडेच शोधत बसतो. ज्यांना हा घरचा शोध नको असेल त्यांच्यासाठी २०२२ च्या ३.११ या आवृत्तीत तो बंद ठेवण्याची सोय झाली आहे.