गाण्यात आलेले गुरुजींचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा एखाद्या कलावंताविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी सातवी शिकलेली. रागदारीतले मला फारसे कळत नाही. पण गाणी ऐकण्याची आवड आहे, आणि एका गाण्यातल्या नावाचा माग घेताना जे समजले तेच सांगते.

‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातले ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. मुलांना ते नाव गंमतीचे वाटते. पण या नावाचे गृहस्थ खरोखरीच होऊन गेले. ते मोठे वाद्यवृंद-संचालक होते आणि संगीताचे शिक्षक होते.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, गोव्यात मडगावजवळच्या माजोर्डा गावचा. वडील चर्चमध्ये गायन शिकवीत. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन वाजवायला आणि कागदावर लिहिलेले स्वर वाचायला शिकवीत. ही विद्या घेऊन अँथनी १९४३ साली मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

पुढे ते गाण्यांची वाद्यरचना करू लागले. हे काम म्हणजे काय? संगीत दिग्दर्शक चाल बांधतो. परंतु चाळीस-पन्नास वादक एकदम बसले, की कोणी कोठे उठायचे, कोठे थांबायचे, हे कोणी तरी लिहून द्यावे लागते. लग्नघरी शंभर पानांची पंगत बसते तेव्हा भात केव्हा, वरण केव्हा, तूप कोणी वाढायचे, हे एका बाईने ठरविलेले असते. ती स्वतः वाढायला येत नाही, पण तिच्यावाचून पंगत उठत नाही. तसेच हे काम. चित्रपटाच्या पाटीवर नाव मात्र बहुधा संगीत दिग्दर्शकाचे येई. असे लिहिणारे आणि वाजविणारे मागेच राहत.

अँथनींनी आपली विद्या झाकून ठेवली नाही. त्यांनी मुले शिकविली. रामप्रसाद शर्मा या ट्रम्पेटवादकांचे चिरंजीव प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. राहुलदेव बर्मन हेही त्यांच्याकडे शिकले.

त्यांची एक मोठी इच्छा होती. आपले राग आणि पाश्चात्त्यांचा वाद्यवृंद एका मंडपात बसवावा. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी तसा कार्यक्रम केला. शंभराच्या वर वादक होते. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सारंग, तोडी अशा आपल्या घरच्या सुरांवर अँथनींनी रचना केल्या होत्या. पण एवढा पसारा चालविणे सोपे नसते. हा वृंद फार काळ टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे परत येऊन माजोर्ड्यास शांतपणे राहिले. जानेवारी २०१२ मध्ये ते वारले.

आता त्या गाण्याकडे येते. त्याला संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचे. प्यारेलालजींनी आपल्या गुरूचे नाव त्या गाण्यात घातले. जे नाव पाटीवर यायला हवे होते, ते शिष्याने साऱ्या देशाच्या तोंडी घातले. गुरुदक्षिणा ती याहून वेगळी काय असणार? मात्र गाणारे लाखो, आणि तो माणूस कोण हे जाणणारे थोडे, ही हुरहूर राहतेच.

मैत्रिणींनो, आपल्यातही असे अँथनी आहेत. कोणी भजनाची चाल बसविते, कोणी नवीन सुनेला पेटी शिकविते, कोणी हळदीकुंकवाची यादी करते. टाळ्या पुढे उभी असणारीला मिळतात. म्हणून माझी एक सूचना आहे. दरवर्षी या स्मरणिकेत एक पान राखून ठेवावे. त्या वर्षी जिने जिला काही शिकविले, तिचे नाव शिकणारीने स्वतः लिहावे. खर्च एका पानाचाच आहे. कार्यकारिणीने विचार करावा, ही विनंती.